सुवासिक डॅफोडिल: कंद निवडण्यापासून ताटवा वाटून देण्यापर्यंत

इंग्लंडला राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच मार्चमध्ये रस्त्याच्या कडेला, शाळांच्या कुंपणांशी आणि चर्चच्या आवारात डॅफोडिलचे पिवळेधमक ताटवे पाहिले. एका ताटव्यापाशी मी मुद्दाम वाकून वास घेतला, तर ओल्या गवताला येतो तसा एक कच्चा, हिरवा गंध तेवढा आला. डॅफोडिलला वास नसतो अशी माझी समजूत झाली, आणि ती दोन-तीन वर्षे तशीच राहिली. मग एकदा एप्रिलच्या अखेरीस शेजारच्या बाईंच्या फाटकापाशी थबकले, कारण तिथे मोगऱ्याचा वास येत होता. इथल्या गारव्यात अंगणात मोगरा कुठून येणार, म्हणून शोधले, तर पायरीशी एकेका दांड्यावर चार-पाच पांढरी फुले आणि प्रत्येकाच्या मध्ये नारिंगी वाटी असलेला एक घोस होता. बाईंनी जातीचे नाव सांगितले: ‘जेरेनियम’. तेही डॅफोडिलच होते.

तेव्हापासून मी केवळ सुवासिक डॅफोडिलच लावते आहे. या लेखात तोच अनुभव क्रमाने मांडला आहे. यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की डॅफोडिलचा सुवास खत, पाणी किंवा निगा यांवर नव्हे, तर कंद विकत घेतानाच ठरतो. वास नसलेल्या जातीला कितीही चांगले वाढवले तरी वास येत नाही; आणि वासाची जात योग्य जागी लावली, तर थोड्या कष्टांतही ती दरवर्षी दरवळते.

जात कशी निवडावी

डॅफोडिल म्हणजे वनस्पतिशास्त्रातील नार्सिसस ही प्रजाती. तिचे बहुतेक मूळ प्रकार स्पेन आणि पोर्तुगालच्या परिसरातले आहेत. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने डॅफोडिलचे 13 विभाग केले आहेत आणि चांगल्या विक्रेत्यांच्या याद्यांत प्रत्येक नावापुढे विभागाचा आकडा दिलेला असतो. सुवासासाठी त्यांतले 7, 8 आणि 9 हे तीन आकडे लक्षात ठेवले तरी निवडीचे निम्मे काम होते.

सातवा विभाग जॉन्क्विलांचा. यांची पाने लव्हाळ्यासारखी बारीक आणि गर्द हिरवी असतात, फुले लहान आणि बहुधा सोनेरी असतात, पण वास मात्र फुलाच्या आकाराला न शोभेल इतका मोठा आणि गोड असतो. ‘ट्रेव्हिथियन’ आणि ‘स्वीटनेस’ या दोन जुन्या, भरवशाच्या जाती आहेत. ‘पिपिट’चे फूल लिंबोणी रंगाचे असून त्याची वाटी हळूहळू पांढरी होत जाते. आठवा विभाग टॅझेटांचा, म्हणजे एका दांड्यावर घोसाने फुलणाऱ्यांचा. ‘जेरेनियम’ याच विभागातले. या गटातल्या फुलांच्या गंधात लिनालूल, बेंझिल ॲसिटेट आणि इंडोल ही द्रव्ये आढळतात, आणि जाई-मोगऱ्याच्या कुळातल्या फुलांच्या गंधातही हीच द्रव्ये असतात. त्यामुळे त्या दिवशी मला मोगरा आठवला तो काही केवळ घरच्या ओढीने नव्हे. नववा विभाग पोएटिकसांचा: पसरट पांढऱ्याशुभ्र पाकळ्या आणि मध्ये लाल कडेची चिमुकली चपटी वाटी. ‘ॲक्टिया’ हे त्यातले सहज मिळणारे नाव. ‘रिकर्व्हस’ ही पोएटिकसांतलीच मागाहून, मे महिन्यात फुलणारी जात आहे आणि तिच्या वासाला लवंगेसारखी तिखट छटा असते. फ्रान्समध्ये ओब्राक आणि लोझेरच्या डोंगराळ कुरणांत हेच पोएटिकस रानोमाळ फुलते आणि अत्तरासाठी तिथे त्याची तोडणी होते.

चौथ्या विभागात दुहेरी पाकळ्यांची फुले येतात. त्यांतली सगळी सुवासिक नसतात, पण जी टॅझेटापासून आलेली आहेत ती उत्तम असतात: ‘चिअरफुलनेस’, ‘यलो चिअरफुलनेस’, ‘ब्रायडल क्राउन’ आणि ‘जेरेनियम’मधूनच आपसूक निपजलेले ‘सर विन्स्टन चर्चिल’. त्यांची एकच अडचण आहे. भरगच्च फूल पावसाचे पाणी धरून ठेवते आणि दांडा वाकतो, म्हणून त्यांना वाऱ्यापावसापासून आडोसा असलेली जागा द्यावी.

लांब कर्ण्याची जी भव्य पिवळी फुले सगळीकडे दिसतात, त्यांतल्या बहुतेकांना वास अगदी पुसट असतो. फेब्रुवारीत दुकानांत छोट्या कुंड्यांतून मिळणारे ‘टेट-ए-टेट’ हे गुणी झाड आहे, कुठेही तग धरते आणि लवकर फुलते, पण ते वासासाठी घेऊ नये.

पहिल्याच वर्षी सगळे प्रकार घेण्याची गरज नाही. एप्रिलच्या पूर्वार्धासाठी ‘स्वीटनेस’, उत्तरार्धासाठी ‘जेरेनियम’ आणि मे महिन्यासाठी ‘रिकर्व्हस’ अशा तीन जाती घेतल्या, तर साधारण पाच-सहा आठवडे अंगणात वास राहतो. हवामानाप्रमाणे तारखा आठ-पंधरा दिवसांनी मागेपुढे होतात, मात्र फुलण्याचा क्रम सहसा बदलत नाही.

कंद घेताना

ऑगस्टच्या अखेरीपासून कंद विक्रीला येतात. पिशवीवर जातीचे पूर्ण नाव नसेल तर ती घेऊ नये. मी सुरुवातीला एका दुकानातून ‘सुवासिक मिश्रण’ असे छापलेली चाळीस कंदांची पिशवी आणली होती. पुढच्या वसंतात चाळीसही फुले आली, एकजात पिवळी, कर्ण्याची आणि बिनवासाची. वर्षभराची वाट पाहणे फुकट गेले. तेव्हापासून नाव नसलेला कंद मी घरात आणत नाही.

कंद हातात घेऊन पाहावा. तो चांगल्या कांद्यासारखा टणक आणि आकाराच्या मानाने वजनदार लागला पाहिजे. वरची तपकिरी साल सुटलेली असली तरी बिघडत नाही. खरी परीक्षा बुडाशी असते. जिथून मुळे फुटतात ती चकती अंगठ्याने दाबून बघावी. ती किंचितही दबली, ओलसर लागली किंवा तिच्याभोवती गुलाबीसर बुरशी दिसली, तर कंद आतून सडू लागलेला असतो. दोन टोके असलेल्या जाड कंदाला बहुधा पहिल्याच वर्षी दोन दांडे येतात. जॉन्क्विलांचे कंद मात्र जातीनेच लहान असतात, म्हणून ते कमी प्रतीचे समजू नयेत.

लगेच लावणे जमणार नसेल, तर कंद कागदी पिशवीत किंवा जाळीत, हवेशीर आणि थंड जागी ठेवावेत. ते स्वयंपाकघरात कधीही ठेवू नयेत, ही सूचना मी फार गांभीर्याने करते आहे. डॅफोडिलच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, लायकोरिन नावाचे विषारी द्रव्य असते आणि ते पोटात गेल्यास जोरदार उलट्या होतात. कंद हुबेहूब कांद्यासारखा दिसतो आणि कोवळी पाने लसणीच्या पातीसारखी. 2015 मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने सुपरमार्केटना पत्र पाठवून डॅफोडिल भाजीपाल्यापासून दूर मांडायला सांगितले होते, ते याच गोंधळामुळे. ज्या घरात कांद्याची टोपली रोज हाताळली जाते आणि स्वयंपाक करणारे हात एकाहून अधिक असतात, त्या घरात ही काळजी घ्यायलाच हवी. याच कारणासाठी पातीचा कांदा किंवा लसूण लावलेल्या वाफ्यात डॅफोडिल लावू नयेत.

केव्हा आणि कुठे लावावेत

घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंतचा काळ लागवडीला योग्य, असा हिशेब मी मनाशी ठेवला आहे. इंग्रजी महिन्यांत सांगायचे तर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर. ट्यूलिप नोव्हेंबरमध्ये लावतात, म्हणून पुष्कळ जण डॅफोडिलही त्यांच्याबरोबरच लावतात, पण डॅफोडिलची मुळे जमीन कोमट असतानाच फुटू लागतात आणि थंडीआधी मुळे जितकी पसरतील तितके वसंतात फूल जोमदार येते. उशीर झाला तर नोव्हेंबरअखेरपर्यंतही लावावेत. कंद तसेच ठेवून वाळवण्यापेक्षा उशिरा लावलेले बरे.

जागा निवडताना दोन प्रश्न असतात. पहिला झाडाच्या सोयीचा: निदान अर्धा दिवस ऊन आणि पाणी न साचणारी जमीन. पानझडी झाडांखाली चालते, कारण झाडांना पालवी फुटेपर्यंत डॅफोडिलचे बरेचसे काम उरकलेले असते. जॉन्क्विल आणि टॅझेटा यांना उन्हाळ्यात कंद चांगला तापलेला मानवतो, त्यामुळे त्यांना दक्षिणेकडच्या भिंतीचा पायथा द्यावा. पोएटिकसला उलट थोडा ओलावा आवडतो आणि ते गवतातही रमते. दुसरा प्रश्न माणसाच्या सोयीचा आहे, आणि तो बहुधा विचारातच घेतला जात नाही. वास माणसापर्यंत पोहोचला पाहिजे. बागेच्या टोकाला लावलेले शंभर ‘जेरेनियम’ खिडकीतून केवळ दिसतील, पण दारालगत, फाटकापाशी किंवा रोजच्या पायवाटेच्या वळणावर लावलेले नऊ कंद दिवसातून चार वेळा भेटतील. वारा वास उडवून नेतो, तर आडोशाच्या उबदार कोपऱ्यात तो साठून राहतो. दुपारचे ऊन पडणारी आणि दोन बाजूंनी भिंत असलेली जागा मिळाली तर उत्तमच.

जमीन आणि लागवड

मी राहते त्या मध्य इंग्लंडमध्ये जमीन चिकणमातीची आहे. पावसाळी दिवसानंतर मूठभर माती दाबली तर तिचा लाडवासारखा गोळा होतो आणि तो फुटत नाही. अशा मातीत कंदाच्या बुडाशी हिवाळाभर पाणी राहते आणि कंद कुजतो. यावर खड्ड्याच्या तळाशी वाळूचा थर द्यावा असा सल्ला नेहमी ऐकू येतो, पण मला तो पटत नाही, कारण भोवताली घट्ट चिकणमाती असताना वाळूचा खड्डा म्हणजे छोटी विहीरच होते आणि आजूबाजूचे पाणी तिथे झिरपून साचते. त्यापेक्षा सगळाच वाफा एक फावडे खोल खणून त्यात बारीक खडी आणि पालापाचोळ्याचे कुजलेले खत मिसळावे, म्हणजे वाफा आपोआप चार बोटे उंचही होतो. ताजे शेणखत किंवा घोड्याची लीद कंदाजवळ घालू नये. रेताड जमीन असेल तर पालापाचोळ्याचे खत भरपूर घालावे आणि पुढे जावे.

खड्ड्याची खोली कंदाच्या उंचीच्या तिप्पट असावी, म्हणजे कंद ठेवल्यावर त्याच्या डोक्यावर त्याच्या उंचीच्या दुप्पट माती येते. पाच सेंटीमीटरच्या कंदासाठी पंधरा सेंटीमीटर, तर जॉन्क्विलच्या तीन सेंटीमीटरच्या कंदासाठी नऊ-दहा सेंटीमीटर. ही खोली अंदाजाने घेतली तर जवळपास नेहमीच कमी पडते, म्हणून मी लाकडी पट्टी जवळ ठेवते. उथळ लावलेले कंद पिल्ले फार काढतात, उन्हाळ्यात सुकतात आणि दोन-तीन वर्षांत फुलेनासे होतात.

एकेका कंदासाठी वेगळे भोक पाडण्यापेक्षा परातीएवढा एक रुंद खड्डा घ्यावा, त्याचा तळ खुरप्याने मोकळा करावा आणि त्यात सात ते नऊ कंद टोक वर करून मांडावेत. दोन कंदांत सुमारे दहा-बारा सेंटीमीटर अंतर ठेवावे. प्रत्येक कंद मांडताना तो हलकेच डावी-उजवीकडे फिरवून मातीत बसवावा, म्हणजे बुडाखाली हवेची पोकळी राहत नाही. मग माती लोटून तळहाताने दाबावी, पायाने नव्हे. एकदा भरपूर पाणी द्यावे. या सर्व वेळी हातमोजे घालावेत, कारण कंदाच्या सालीने आणि चिकाने काहींच्या हातांना खाज सुटून पुरळ येते. तोडणी करणाऱ्या मजुरांत हा त्रास नेहमीचा आहे. शेवटी जातीचे नाव आणि वर्ष लिहिलेली पाटी रोवावी आणि वहीत जागेचा कच्चा आराखडा काढून ठेवावा, नाहीतर पुढच्या ऑगस्टमध्ये रिकामी दिसणारी तीच जागा आपण पुन्हा खणतो आणि फावड्याने कंद कापले जातात. खारी ट्यूलिपचे कंद उकरतात, पण डॅफोडिलला त्या तोंड लावत नाहीत.

ज्यांच्याकडे केवळ फरसबंदी अंगण किंवा गॅलरी आहे, त्यांनी तीस सेंटीमीटर रुंद आणि तितकीच खोल कुंडी घ्यावी, तीन भाग कुंडीमातीत एक भाग बारीक खडी मिसळावी आणि दहा-बारा कंद जवळजवळ, पण एकमेकांना न टेकता, त्याच खोलीवर लावावेत. कुंडी विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवावी म्हणजे तळाचे भोक बुजत नाही. टॅझेटाची कुंडी कडक गोठणाच्या दिवसांत भिंतीला टेकवून ठेवावी. कुंडीची मोठी सोय ही, की कळ्या फुगल्या की ती उचलून दाराशी आणता येते आणि वासही दाराशी येतो.

हिवाळा आणि फुलोरा

हिवाळ्यात करण्यासारखे फार काही नाही. जानेवारीत कोंब वर दिसतात. त्यांच्यावर बर्फ पडले तरी काळजी नको. कडक गोठणाच्या सकाळी उमललेली फुले देठासकट जमिनीवर लोळलेली दिसतात आणि ऊन वर येताच बहुतेक पुन्हा उभी राहतात, तेव्हा त्यांना घाईने कापू नये. मार्च-एप्रिल कोरडे गेले तर मात्र पाणी द्यावे, कुंडीला तर नक्कीच. पाणी तुटले तर कळी पापुद्र्यातच करपते.

घरात ठेवण्यासाठी फुले सकाळी कापावीत. घोसातले पहिले फूल उमलले की दांडा काढावा. दुहेरी पाकळ्यांची फुले मात्र झाडावरच पुरती उमलू द्यावीत, कारण त्यांच्या कळ्या फुलदाणीत नीट उघडत नाहीत. कापलेल्या देठातून बुळबुळीत चीक गळतो आणि त्यामुळे त्याच पाण्यातली ट्यूलिपसारखी इतर फुले लवकर मान टाकतात. म्हणून डॅफोडिल रात्रभर वेगळ्या पाण्यात ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी देठ पुन्हा न कापता इतर फुलांत मिसळावेत.

फुले गेल्यानंतर

पुढच्या वर्षीचे फूल या वर्षीच्या पानांतून येते. फुले सुकली की बहुतेकांचे लक्ष उडते, आणि नेमके त्याच आठवड्यांत पाने कंदात अन्न साठवत असतात व मे-जूनच्या सुमारास पुढच्या वसंताची कळी कंदाच्या पोटात आकार घेऊ लागते. म्हणून सुकलेले फूल त्याच्यामागच्या हिरव्या बीजकोशासह खुडावे, दांडा ठेवावा आणि पानांना निदान सहा आठवडे हात लावू नये. पानांची वेणी घालणे किंवा त्यांना रबर लावून जुडी बांधणे ही पद्धत टापटिपीची वाटते, पण त्याने पानांवर ऊन पडत नाही आणि कंद उपाशी राहतो. पिवळी पडणारी पाने डोळ्यांना खुपत असतील, तर पुढे उशिरा वाढणारी झाडे लावून ती झाकावीत. गवतात लावलेल्या पोएटिकसभोवतीचे गवत जूनअखेरपर्यंत कापू नये.

या काळात पालाशयुक्त द्रवखत, म्हणजे टोमॅटोसाठी विकतात तेच, कुंड्यांना दहा-पंधरा दिवसांनी आणि वाफ्याला एकदा-दोनदा द्यावे. इथले माळी हाडांचा चुरा वापरतात. ज्यांना तो घरात नको असेल, त्यांचे टोमॅटोखतावर उत्तम भागते. हिरवळीसाठीचे नत्राचे खत मात्र टाळावे, कारण त्याने पाने माजतात आणि कंदाच्या सडीला निमंत्रण मिळते.

दोन-तीन वर्षांनी नुसती पाने येऊ लागली, तर कारणे बहुधा चारच असतात: कंद उथळ लागले, पाने लवकर कापली गेली, ताटवा दाटला, किंवा नार्सिसस माशी लागली. ही माशी लहानशा भुंग्यासारखी दिसते. वसंताच्या शेवटी उबदार दिवशी ती सुकत्या पानांच्या बुडाशी अंडे घालते आणि अळी खाली जाऊन बुडातून कंदात शिरते. संशय आल्यावर मी एकदा एक मऊ लागणारा कंद उभा चिरला होता. मध्यभागी कोंबाच्या जागी तपकिरी घाणीत लोळणारी एकच जाड, मळकट पांढरी अळी होती आणि बाकी सगळा कंद पोखरलेला होता. असा कंद नष्ट करावा, खतखड्ड्यात टाकू नये. पाने वाळताना जमिनीत राहणारी छिद्रे खुरप्याने माती ओढून बुजवणे हाच घरगुती बागेत सोपा आणि बऱ्यापैकी परिणामकारक उपाय आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी

पुण्यातून आणि नाशिकमधून नातेवाईक नेहमी विचारतात, की हे कंद तिकडे नेले तर चालतील का. बहुतेक डॅफोडिलना फुलण्यासाठी सुमारे 12 ते 16 आठवडे नऊ अंशांखालची थंडी लागते आणि ती तिकडे मिळत नाही. टॅझेटा गट याला अपवाद आहे. काश्मीरमधले नर्गिस, ज्याला तिथे यम्बरज़ल म्हणतात, याच गटातले, आणि ‘पेपरव्हाइट’ ही पांढरी जात तर थंडीवाचूनच फुलते. पसरट भांड्यात गोटे भरून त्यांत कंद अर्धा रुतवावा, पाणी फक्त बुडाला टेकेल इतकेच ठेवावे आणि मुळे धरेपर्यंत भांडे थंड, सावलीच्या जागी ठेवावे; डिसेंबरमधल्या गार रात्रींत हे चांगले साधते. दांडे उंच होऊन कोलमडतात, त्यावर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी उपाय दाखवला आहे: कोंब तीन-चार सेंटीमीटरचे झाले की साध्या पाण्याऐवजी चार ते सहा टक्के अल्कोहोल मिसळलेले पाणी द्यावे. दांडे सुमारे एक तृतीयांशाने बुटके राहतात आणि फुलांचा आकार कमी होत नाही. बिअर किंवा वाइन वापरू नये, त्यांतली साखर मुळांना बाधते. फुले झाल्यावर हे कंद पुन्हा उपयोगी पडत नाहीत. दरवर्षी जमिनीतून दरवळणारा कंदच हवा असेल, तर तिकडे निशिगंधाइतका चांगला पर्याय नाही.

ताटवा मोकळा करणे

चार-पाच वर्षांत एका कंदाचे पाच-सहा होतात आणि फुले कमी होऊ लागतात. जूनमध्ये पाने पुरती पिवळी झाली, पण अजून दिसत आहेत, अशा वेळी ताटव्याच्या बाहेरच्या कडेला दाताळे खोल खुपसून सगळा गड्डा उचलावा, माती झटकावी आणि जे कंद हाताने सहज सुटतात तेवढेच सुटे करावेत. चिकटलेली पिल्ले ओढून तोडू नयेत. बुडाची चकती फाटली तर तिथूनच सड लागते. कंद सावलीत वर्तमानपत्रावर पसरून वाळवावेत आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा लावावेत. लहान पिल्लांना फुलायला दोन-तीन वर्षे लागतात, त्यांना एका कोपऱ्यात वेगळे वाढवावे.

माझ्या पायरीजवळचे ‘जेरेनियम’ असेच आले. शेजारच्या बाईंनी एका जूनमध्ये आपला ताटवा उचलला तेव्हा अकरा कंद मला दिले, तपकिरी कागदी पिशवीत, आणि पिशवीवर पेन्सिलीने जातीचे नाव व वर्ष लिहून. कुणाला कंद द्याल तेव्हा एवढे जरूर करावे. सुटा कंद कुठल्या जातीचा आहे हे बघून सांगता येत नाही, आणि त्याला वास आहे की नाही हे घेणाऱ्याला पुढच्या एप्रिलपर्यंत कळत नाही.